एलेउतेरियोची पंगत

चिठ्ठी निघाली एलेउतेरियोच्या नावाची
आणि देवळात कुणीतरी उगाच खोकलं.
एकटा जीव. एक गाय, एक चमचा,
एक खुर्ची, तीही खिडकीकडे तोंड केलेली.

पंगतीच्या ताटल्यांचा हिशेब माझ्याकडे असतो.
बापाकडून आला, जसा कुणाकडे दमा येतो.
दोनशे सव्वीस. पांढऱ्या, निळ्या काठाच्या.
एकोणीस तडकलेल्या, पण रस्सा धरतात.

पिकोवर यजमान कुणाला बोलावत नाही.
मुकुट आठवडाभर त्याच्या घरी राहतो,
आणि रविवारी दारात उभा राहील तो पाहुणा.
वरच्या आळीचा, खालच्या बंदराचा,
काल बांधावरून शिव्या देऊन गेलेला सुद्धा.
आजी म्हणायची, हे जेवण नव्हे, फेड आहे.
डोंगर उकलला तेव्हा द्राक्षांवरून आग उतरत होती,
आणि बाया मुकुट घेऊन तिच्या समोर गेल्या,
थांब, म्हणाल्या, दरसाल सगळ्यांना जेवू घालू.
ती थांबली. थकली असेल.
पण शब्द तो शब्द.

मी विचारलं, खुर्च्यांचं काय?
तो किल्ल्या घेऊन आला.
कॅनडाला गेले, फॉल रिव्हरला गेले,
ते सगळे जाताना किल्ली याच्या हातात देऊन गेले.
तीस वर्षं हा त्यांच्या कौलांवरचं गवत उपटतो,
आणि नाताळला एक कार्ड येतं, बर्फाचं,
जे यानं कधी डोंगरमाथ्याखाली पाहिलं नाही.

शनिवारी आम्ही कुलपं उघडत हिंडलो.
लेओकादियाची शिवणकामाची बुटकी खुर्ची.
झेफेरीनोची, जिचा एक पाय कुऱ्हाडीच्या दांड्याचा.
एका बाळाची उंच, कठड्याची;
बाळ आता टोरंटोत सिमेंटचा ट्रक चालवतं.
एका घरात टेबलावर पत्ते तसेच वाटलेले होते.
एलेउतेरियोनं पत्ते उचलले नाहीत,
नुसत्या चारही खुर्च्या हळूच मागं ओढल्या.

काळ्या दगडांच्या दोन भिंतींमधून
गल्लीभर टेबलं लागली.
एकही खुर्ची दुसरीच्या उंचीची नाही.
कुणाची हनुवटी ताटलीला टेकलेली,
कुणी जिल्हाधिकाऱ्यासारखा वरून बघणारा,
डोक्यांची ओळ डोंगराच्या धारेसारखी वरखाली.
पाव, पावावर पुदिना, पुदिन्यावर उकळता रस्सा.
दालचिनीचा वास बंद घरांच्या उघड्या दारांतून आत गेला.
त्याला कुणी अडवलं नाही.

तीन सायकलवाले थांबले, शिरस्त्राणं घातलेली,
किती पैसे, म्हणून खिसे चाचपू लागले.
झुल्मिरानं खांदे दाबून त्यांना बसवलंच.
कुऱ्हाडीच्या पायाची खुर्ची त्यांतल्या लठ्ठाला गेली
आणि आम्ही सगळे श्वास रोखून जेवलो.

एलेउतेरियो बसला नाही.
पातेलं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत,
जन्मात चार शब्द न बोललेला माणूस
"घे की," "अजून घे," "हे काय, संपलं?"
एवढं बोलला की संध्याकाळी घसा बसला.

रात्री खुर्च्या परत नेल्या.
कोणती कुठली, मला आठवेना. त्याला पाठ होत्या.
पत्त्यांच्या घरात चारही जागच्या जागी सरकवल्या,
एकीच्या बैठकीवर तळवा ठेवून म्हणाला,
अजून ऊब आहे.
मग कुलूप लावलं.

ताटल्या मोजल्या. दोनशे पंचवीस.
फुटली की कुणी नेली,
ते विचारायचं नसतं.

पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्यांत
मी माझं नाव टाकलंय.
माझ्याकडे खुर्च्या दोन आहेत.